हातचा एक

"साठ कामगार, तीन पाळ्या आणि मिनिटाला चारशे झाकणं! वीस वर्षं सांभाळली! अठ्ठावीस पोरं म्हणजे काय चीज आहे?"

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यातली खुर्ची सोडताना शिफ्टसाहेबांनी हे वाक्य सगळ्यांना ऐकवलं होतं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना प्राथमिक शिक्षक व्हायची हुक्की आली होती. नोकरी सोडून मास्तर होऊ पाहणाऱ्यांसाठी पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, त्यात त्यांनी नाव घातलं. वर्गात एक माजी वकील होता, एक माजी दंतवैद्य होती आणि बाकी सगळे असेच चांगलं चाललेलं सोडून आलेले.

त्यांच्या आईनं मात्र कपाळावर हात मारला होता. "अरे, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये! शहाणी माणसं काय उगीच सांगून गेली?"

"आई, तू बघच!" शिफ्टसाहेब म्हणाले.

वर्ष कसंबसं सरत आलं. आता एकच सराव पाठ उरला होता. शुक्रवारी दुसरीच्या वर्गावर, प्रशिक्षण महाविद्यालयाच्या पर्यवेक्षक बाईंसमोर. या बाईंनी गेल्याच आठवड्यात माजी वकिलाला नापास करून रडवलं होतं. पाठ फसला तर पुन्हा वर्षभर घरी बसायचं, आणि कारखान्यातल्या खुर्चीवर तर केव्हाच दुसरा बसला होता.

म्हणून गुरुवारी शेवटच्या तासाला शिफ्टसाहेबांनी पक्की तयारी करून घेतली. विषय हातच्याची बेरीज.

"आठ आणि सात?"

"पंधराऽऽ!"

"शाब्बास! पंधराचे पाच खाली लिहायचे आणि हातचा एक! हा हातचा फार लबाड असतो. जरा दुर्लक्ष झालं की पळाला! म्हणून काय करायचं? मुठीत घट्ट धरायचा! अस्सा! आणि मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही! कळलं?"

"होऽऽ!" अठ्ठावीस मुठी आवळल्या गेल्या.

तेवढ्यात घंटा झाली. शिफ्टसाहेबांनी खडू झटकला, पाठाचं टाचण बगलेत मारलं आणि शीळ घालत ते घरी गेले.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी पोचतात तो काय, ही गर्दी! आया, बाप, एक आजोबा आणि मधोमध घामाघूम झालेल्या मुख्याध्यापिका.

"काल शाळेत लस टोचलीत का?" एक बाप ओरडत होता. "आम्हाला न विचारता?"

"माझं पोर डाव्या हातानं जेवलं! आंघोळ एका हातानं! विचारलं तर नुसती मान हलवतं!"

"झोपेत मूठ उघडायला गेले तर कडकडून चावला मला! हे बघा!" एका आईनं मनगट पुढे केलं. दातांचे वळ स्पष्ट दिसत होते.

"डॉक्टर म्हणाले, शिरा आखडल्यात. वर्गातल्या सगळ्यांना एकदम? काहीतरी साथ आहे हो ही!"

शिफ्टसाहेब हबकले. त्यांनी वाकून मुलांकडे पाहिलं. रांगेतल्या एकूण एक मुलाची उजवी मूठ आवळलेली होती. पहिल्या बाकावरची बोळकी समोरच उभी होती. पुढचे दोन दात पडलेत म्हणून तिला सगळे बोळकी म्हणत.

"काय गं, हातात काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हातचा, सर," बोळकी म्हणाली. "रात्री हात दुखला म्हणून जरा वेळ या हातात घेतला होता. पण सोडला नाही!"

शिफ्टसाहेबांना कालचं आपलं वाक्य आठवलं. वीस वर्षांत साठ कामगारांपैकी एकानंही त्यांचं एक वाक्य असं मनावर घेतलं नव्हतं! आता 'सोडा' म्हणायला तोंड उघडतात तोच मागून आवाज आला, "दुसरीचा वर्ग कुठे आहे?"

पर्यवेक्षक बाई! जाड चष्मा, जाड वही.

मुख्याध्यापिकांनी शिफ्टसाहेबांचा दंड धरला. "त्यांच्यासमोर चकार शब्द काढू नका! डॉक्टर येईपर्यंत मुलांना कुणी हात लावायचा नाही. तुम्ही जा, पाठ घ्या. काही झालंच नाही असं दाखवा!"

शिफ्टसाहेब वर्गात शिरले. खरं तर तेव्हाही दोन अक्षरांचं काम होतं. पण सोडा म्हणायचं म्हणजे का धरलंत हे सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे वर्ष पाण्यात. त्यांची छाती झाली नाही. पर्यवेक्षक बाई शेवटच्या बाकावर बसल्या. मुलांनी पाट्या डाव्या हातानं काढल्या आणि त्यातल्या निम्म्या धडाधड खाली पडल्या.

"यांच्या मुठी का आवळलेल्या आहेत?" बाईंनी विचारलं.

"शिस्त!" शिफ्टसाहेब म्हणाले. आपल्याच तोंडून हे ऐकून त्यांना धक्का बसला.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. खिडकीच्या गजांना पालकांची नाकं चिकटली. शिफ्टसाहेबांनी फळ्यावर अडतीस अधिक सत्तेचाळीस मांडले. घाईत आठाचा आकडा शेवयांसारखा झाला.

"आठ आणि सात पंधरा. पंधराचे पाच. तीन आणि चार... सात. उत्तर आलं पंच्याहत्तर!"

सगळ्या वर्गानं फळ्याकडे पाहिलं, मग आपापल्या मुठीकडे.

मग बोळकी बाकावर चढली. मूठ उंच करून ती किंचाळली, "सऽऽर! हातचाऽऽ!"

"हातचा! हातचा! सर, हातचा विसरला!" अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुठी हवेत गेल्या. "आमच्याकडे आहे, सर! माझा घ्या! माझा घ्या!"

"अगं बाई, हातचा!" खिडकीतली चावा खाल्लेली आई ओरडली. "रात्रभर हातचा धरून बसला होता मेला!"

शिफ्टसाहेबांनी फळ्याकडे पाहिलं. पंच्याहत्तर. मग त्यांनी खडू खाली ठेवला.

"बाई, ही शिस्त नाही. काल मी यांना म्हणालो, मी सांगितल्याशिवाय सोडू नका. आणि सांगायलाच विसरलो. चूक माझी आहे. या पोरांनी काल दुपारपासून माझा शब्द धरून ठेवलाय, आणि मी स्वतः..." ते मुलांकडे वळले. "सोडा रे, बाळांनो. सोडा!"

हुश्श करून मुठी उघडल्या. कुणी तळहात फुंकले, कुणी चड्डीला पुसले. एकाच्या मुठीतून बिस्किटाचा चुरा पडला. हातच्याला भूक लागेल म्हणून त्यानं सोबत ठेवला होता.

पर्यवेक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग बराच वेळ लिहिलं आणि कागद शिफ्टसाहेबांच्या हातात ठेवून त्या निघून गेल्या.

'फळ्यावरची बेरीज चुकली. वर्ग नियंत्रण हवं त्याहून फारच जास्त. विद्यार्थी हातचा विसरत नाहीत, शिक्षक विसरतात. एकदा सांगितलेलं मुलं सोडत नाहीत, याची या शिक्षकाला जन्मभर धास्ती वाटेल असं दिसतं. उत्तीर्ण.'

शिफ्टसाहेबांनी तो कागद तीनदा वाचला. शेवटचा शब्द चारदा.

शाळा सुटल्यावर बोळकी फाटकाशी थांबली होती. तिची एक मूठ अजून आवळलेली होती.

"तू सोडला नाहीस?"

"हा तुमच्यासाठी ठेवला, सर. तुमचा हरवतो ना." तिनं त्यांचा तळहात उघडला, त्यावर आपली मूठ रिकामी केली आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली. "मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही. कळलं?"

"हो, बाई," शिफ्टसाहेब म्हणाले.

आणि बोळकी आईचा हात धरून निघूनच गेली. सांगायचं विसरली!

घराची घंटा शिफ्टसाहेबांनी कोपरानं वाजवली. आईनं दार उघडलं आणि तिची नजर थेट मुठीवर गेली.

"काय रे, हातात काय आहे?"

"हातचा," शिफ्टसाहेब खाली मान घालून म्हणाले. "सोमवारपर्यंत सोडता येणार नाही."

आईनं त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"वर्षभर घसा कोरडा करून हेच सांगत होते मी," ती म्हणाली. "आज ऐकतोयस होय?"