मास्तरांच्या कमरेचं माप

"लग्नातली पँट मला आजही बसते!" शिंपीमास्तर हे प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेण्याआधीच ऐकवत. दर रविवारी ती पँट घालून दुकानात मिरवतही. पोट सुटलेली गिऱ्हाइकं शरमेने श्वास आत ओढत, मास्तर तेवढंच माप घेत आणि आठवड्याने सगळे कपडे घट्ट म्हणून परत येत.

पन्नाशीत बायकोचं वजन वाढलं, तेव्हा तर मास्तरांना ऊतच आला.

"हार्मोन गं, हार्मोन! पाळी गेली की बायकांचं असंच होतं. आम्हा पुरुषांना ही भानगडच नाही!"

बायको दुकानातल्या कपड्यांची काजबटणं करायची. तिने दातांनी दोरा तोडला आणि पुढचं बटण उचललं.

मास्तरांना घरात काळजी होती ती फक्त पडद्याची. दिवाणखान्याचा पिवळ्या फुलांचा पडदा दरवर्षी आखूड होत होता. पूर्वी जमिनीवर लोळायचा, आता खिडकीत अर्ध्यावर लोंबकळत होता. मास्तरांनी साबण बदलला, कापडवाल्याला तोंडावर चोर म्हणून आले!

शेवटी बायकोचे हार्मोन तपासायला ते तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले, अर्थातच ती पँट घालून.

डॉक्टरीणबाई मास्तरांकडेच बघत राहिल्या. "आधी तुम्ही चढा काट्यावर."

"मी? अहो, माझी कंबर लग्नापासून..." म्हणत मास्तर बूट काढायला ऐटीत वाकले.

टर्रर्र!

सदरा वर सरकला आणि उसवलेल्या पँटच्या मागून पिवळी फुलं बाहेर आली. अख्ख्या गावाची पाठपोट मापं घेणाऱ्या मास्तरांनी स्वतःची मागची बाजू कधी बघितलीच नव्हती.

"अगं, हा तर आपला पडदा!"

"मग काय करणार?" बायको म्हणाली. "दरवर्षी गुपचूप एकेक पट्टी घालत होते. पँट बसली नसती तर जेवला असतात का तुम्ही?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोची मायाही वाटली.

"पोटावरची चरबी पुरुषी हार्मोनचं बायकी हार्मोन करते," डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या. "पुरुषी कमी झालं की पोट आणखी सुटतं. तेव्हा रोज चाला, दोघंही!"

घरी आल्यावर मास्तर खिडकीपाशी घुटमळले. "रस्त्यावरून सगळं घर दिसतंय गं."

"पोट उतरलं की पट्ट्या काढून पडदा परत जोडते. तोवर तुम्हीच उभे राहा तिथे!"

मास्तर मुकाट्याने उभे राहिले. माप अगदी चोख बसलं.