या जेवायला, सर!

एल्पिडियोनं ठरवलं होतं ते एवढंच, की बायकोचा, मेर्लीचा, इंग्रजीचा तास संपायची वाट न बघता संध्याकाळी सहाला जेवून घ्यायचं. नळपाण्याच्या कचेरीत दिवसभर लोकांच्या खऱ्या-खोट्या तक्रारी लिहून घेणाऱ्या कारकुनाला सहाला भूक लागते, यात गुन्हा काय? पण त्या ताटापायी पुढे जे रामायण घडलं, ते गल्ली अजून विसरलेली नाही.

गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. त्या वेळी आमच्या फिलिपिन्समधल्या दुमागेते शहरात जो तो कॉम्प्युटरसमोर बसून जपानी लोकांना इंग्रजी शिकवत होता. फार गोड दिवस होते ते. मेर्लीनंही बाहेरच्या खोलीचा एक कोपरा धरला. मागे निळा पडदा, एक कुंडी, भिंतीवर जगाचा नकाशा. (झाड प्लॅस्टिकचं, नकाशा शेजारच्या शाळेनं टाकून दिलेला.) घरातला उरलेला पसारा कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बाजूला ढकललेला. घोळ एकच होता. स्वयंपाकघराचं दार नेमकं पडद्याला लागून होतं. ताट घेऊन बाहेर यायचं, तर मेर्लीच्या खांद्यामागून, जपानच्या डोळ्यांदेखत यावं लागे.

"वाकून जात जा, पा," मेर्लीची सक्त ताकीद होती. "तू दिसलास की कंपनी माझे मार्क कापते." (नवरा-बायको एकमेकांना पा आणि मा म्हणत.)

एल्पिडियो वाकून जाईही. पण समोर मेर्लीच्या जपानी विद्यार्थ्याचा, शिमोयामा सरांचा, चेहरा दिसला की त्याचा नाइलाज होई. हातात ताट आणि समोर माणूस. मग तो माणूस समुद्रापलीकडे का असेना, त्याला न विचारता घास तोंडात घालायचा? तसं वळणच नव्हतं त्याला. तो ताठ उभा राही आणि म्हणे, "सर, या जेवायला!"

यावर काय म्हणायचं, ते आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "चालू द्या, माझं झालंय." संपला विषय. पण सरांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. (मेर्लीच्या पुस्तकात विमानतळ होता, हॉटेल होतं, घरचा पत्ता सांगणं होतं, दुखरा दातसुद्धा होता. हे तेवढं नव्हतं.) शिमोयामा सर लिफ्ट तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. इंग्रजीची हौस खरी त्यांच्या बायकोची. तिनं वर्षभराचा क्लास लावला आणि तिसऱ्याच महिन्यात ती गेली. तिचे तास वाया जाऊ नयेत म्हणून सर तिच्या जागी येऊन बसले, आणि वर्ष संपलं तरी बसतच राहिले.

एल्पिडियोनं हाक मारली की ते गंभीर होत, बसल्या जागी वाकत आणि "थँक यू" म्हणत. मेर्ली खुर्चीखालून मागच्या मागे नवऱ्याला लाथ मारी.

असं तीन वर्षं चाललं. मग एका बुधवारी सरांनी घसा खाकरला.

"टीचर, मी आजवर फार उद्धटपणे वागलो. मी शनिवारी जेवायला येत आहे."

"वा!" मेर्ली खूश झाली. "वाक्य अगदी बिनचूक, सर! आता हेच रविवार घालून म्हणा बरं."

"नाही, टीचर. शनिवारीच."

मेर्लीनं त्यांना पाचपैकी पाच चांदण्या दिल्या.

शनिवारी सहा वाजले, तरी कॉम्प्युटरवर सर आले नाहीत. तीन वर्षांत ज्यांनी कधी मिनिटाचा उशीर केला नाही, ते आले नाहीत. मेर्ली सारखी घड्याळ बघू लागली. एकटा माणूस, पडला-बिडला तर बघणार कोण? तेवढ्यात दार वाजलं. एल्पिडियोनं एका हातात ताट धरून दुसऱ्या हातानं दार उघडलं, आणि कोण आहे ते बघायच्या आत सवयीनं बोलून गेला, "या जेवायला!"

"हो," दारातले सुटाबुटातले गृहस्थ कमरेतून वाकत म्हणाले. "आलो."

तीन वर्षं छातीठोक बोलावलेला पाहुणा दारात, आणि घरात काय? भात, तळलेले सुके मासे आणि मिरची घातलेला शिरका. तेही जेमतेम एकाच जादा ताटापुरतं.

"मा, मी काय म्हणत होतो..."

"तू काही म्हणू नकोस!" मेर्ली दात-ओठ खात कुजबुजली. "तुझ्या म्हणण्यानंच ही वेळ आलीये. जा, काहीतरी घेऊन ये!"

एल्पिडियो ताट टेबलावर टाकून मागच्या दारानं शेजारच्या तिया कोन्सिंगकडे, म्हणजे कोन्सिंगमावशीकडे, धावला.

"तिया, पाहुणा आलाय!"

"कुठला?"

"जपानचा."

"कशाला आलाय?"

"जेवायला."

"एवढ्या लांबून?" म्हातारी हळहळली. "तिकडे तांदूळ संपले की काय रे?"

तिनं शेवयांची परात दिली, पलीकडच्यांनी भाजलेलं डुकराचं मटण दिलं. घामाघूम एल्पिडियो ते घेऊन परतला, तर सर कोट काढून, बाह्या सरसावून, त्याच्याच ताटातले सुके मासे हातानं खात होते. परातीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मला हेच हवं होतं," ते म्हणाले. "रोज बघत होतो. माझी आई बंदरावर मासे वाळवायची. घरभर हाच वास असायचा. आम्ही सहा भावंडं, एक मासा दोघांत." त्यांनी माशाचं डोकंही चावून खाल्लं. "कॅमेऱ्यातून वास येत नाही म्हणतात. मला रोज यायचा."

मग ताटाकडे बघत म्हणाले, "बायको गेली, तेव्हापासून मला कुणी जेवायला हाक मारत नाही. एल्पिडियो-सान, तुम्ही एकटेच."

एल्पिडियोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो काही मनापासून बोलवत नव्हता. तोंडाची सवय ती, शिंकेसारखी. प्रामाणिकपणे सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, "सर, ते मी आपलं..." तोच टेबलाखालून लाथ आली. तीन वर्षांत योग्य वेळी बसलेली ही पहिलीच.

सरांना ताटात शीत ठेवणं माहीत नव्हतं आणि मेर्लीला पाहुण्याचं रिकामं ताट बघवत नव्हतं. ती वाढत गेली, ते संपवत गेले. एल्पिडियोच्या वाट्याला पातेल्याची खरवड आली, पण ती त्याला त्या दिवशी गोड लागली.

नव्या वर्षाला सरांचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, "आमच्या बाजूला आलात तर घरी जरूर या." एल्पिडियोचे डोळे भरले. बोलावणं म्हणजे काय, हे आता त्याला कळलं होतं. त्यानं पासपोर्ट काढला. जुन्या बाजारातून कापूस भरलेलं जाड जाकीट आणलं, आणि सवय व्हावी म्हणून भर उन्हात ते घालून अंगणात फेऱ्या मारू लागला. अंगभर घामोळं आलं, तेव्हा मेर्लीनं तासाला सरांच्या कानावर घातलं.

सरांनी दातांतून हवा आत ओढली.

"टीचर, ते वाक्य कार्डावर छापूनच येतं. मी दीडशे पाठवली. दातांच्या डॉक्टरांनासुद्धा."

पडद्याआड जाकिटातला एल्पिडियो खाली बसला.

"पण ते येणार असतील," सर घाईघाईनं म्हणाले, "तर फार बरं होईल. माझ्याकडे खुर्ची एकच आहे. मी उद्या दुसरी आणतो."

त्यांनी खरंच आणली. गुरुवारी कॅमेरा वळवून दाखवलीसुद्धा. एप्रिलमधला दिवस ठरला, मासे कुठले आणायचे तेही ठरलं.

राहिला होता फक्त व्हिसा. एल्पिडियोनं स्वतःच्या हातानं फॉर्म भरला. व्हिसाच्या कचेरीतल्या बाईंनी तो दोनदा वाचला.

"प्रवासाचं कारण, 'जेवायला'?"

"हो."

"आणि मुक्काम, 'जेवण होईपर्यंत'?"

"त्यानंतर कशाला थांबू? त्यांना भांडी घासायची असतील."

"काका, 'फिरायला' लिहा ना," बाई समजुतीनं म्हणाल्या.

"खोटं कसं लिहू? त्यांनी मला फिरायला थोडंच बोलावलंय?"

अर्ज नाकारला गेला. ठरलेल्या दिवशी सहाला सरांनी दोन खुर्च्यांसमोर दोन ताटं मांडली आणि कॅमेरा लावला. एल्पिडियो मेर्लीच्या शेजारी, पहिल्यांदाच न वाकता, जाकीट घालून बसला. तिकडे रिकाम्या खुर्चीसमोरच्या ताटात दोन मासे वाफाळत होते. त्यानं जाकिटाच्या बाहीनं डोळे पुसले.

"रडू नकोस," मेर्ली हळूच म्हणाली. "आयुष्यभर कचेरीत लोकांच्या खोट्या तक्रारी लिहून घेतल्यास ना, पा? एक खोटं स्वतःसाठी लिहिलं असतंस, तर आत्ता तिकडे जेवायला हात धूत असतास."