धुक्यातल्या पिवळ्या पट्ट्या

अभयारण्याच्या फाटकाशी बस थांबली तेव्हा वायरमनच्या बायकोने त्याला बाजूला ओढलं.

"आज काही गोंधळ नको हं," ती कुजबुजली. "आई आज सांगणार आहे, आपल्याकडे राहायला यायचं की नाही ते."

"मी कधी गोंधळ घालतो?"

बायकोने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत धबधबा दाखवतो म्हणून त्याने तिला वीटभट्टीवर नेऊन उभं केलं होतं. ते ती विसरली नव्हती आणि विसरण्याचा तिचा विचारही नव्हता.

सासूबाईंनी यावं असं वायरमनला मनापासून वाटत होतं. तो सकाळीच कामावर जायचा, बायको औषधांच्या दुकानात संध्याकाळपर्यंत उभी असायची आणि त्यांची लेक मुंगी शाळेतून आल्यावर शेजाऱ्यांच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसून राहायची. हे तर कारण होतंच. पण वायरमनला स्वतःची आई आठवतही नव्हती, आणि घरात कुणीतरी 'जेवलास का' असं विचारणारं मोठं माणूस असावं, असं त्याला फार वाटायचं. हे सासूबाईंना तोंडावर सांगायची मात्र त्याची छाती नव्हती. त्या खोलीत आल्या की तो अजून खुर्चीतून उठून उभा राहत असे.

तिकीट खिडकीतला रक्षक म्हणाला, "सोपी वाट आहे. पोराबाळांची. ओढा लागेल, दगडांवरून पार करा." पुढे वाट कुठे जाते, कुठे वळते, हे वायरमनने विचारलं नाही. सासूबाईंच्या देखत वाट विचारायची म्हणजे सगळंच मुसळ केरात.

त्याऐवजी त्याने आपली धंद्यातली युक्ती वापरायची ठरवली. बोर्ड उघडला की कुठल्याही तारेला हात लावण्याआधी तो तिच्यावर रंगीत टेपची पट्टी चिकटवायचा. मग आत कितीही गुंता असो, ज्या वाटेने हात गेला त्याच वाटेने बाहेर. खिशात पिवळी टेप होतीच. प्रत्येक वळणावर तो घाम पुसायला थांबल्यासारखं करायचा आणि फांदीला गुपचूप एक पट्टी गुंडाळायचा. तो सर्वांत पुढे होता. त्याच्यामागे बायको, तिच्यामागे वाटेतलं प्रत्येक पान उलटून बघणारी मुंगी, आणि शेवटी पांढरा रेनकोट घातलेल्या सासूबाई.

ओढ्यापर्यंत सगळं झकास होतं. पाणी नितळ होतं, मुंगीने त्यात पाय बुडवून घेतले, सासूबाई चक्क हसल्या. वायरमनने बायकोकडे बघून भुवया उडवल्या. ओढा ओलांडून ते झाडीत शिरले आणि वरून धुकं उतरलं.

ते आलं तेही आवाज न करता. आधी लांबची झाडं गेली, मग जवळची, मग वायरमनला स्वतःचे बूटच तेवढे स्पष्ट दिसायला लागले. पक्षी एकदम गप्प झाले. पानांवरून थेंब गळायचा तेवढाच आवाज, आणि त्यांच्या पावलांचा.

"बाबा, मागे कोण आहे?" मुंगीने विचारलं.

"आजी आहे."

"आजीच्या मागे?"

वायरमन थांबला. सगळेच थांबले. आणि त्यांच्या मागून येणारी पावलं एका क्षणाने थांबली.

"आवाज घुमतो जंगलात," वायरमन म्हणाला. तो पुन्हा चालू लागला. मागे, दूर धुक्यात, पाचोळा पुन्हा वाजू लागला. तो थांबला. पाचोळा थांबला. आवाज घुमत असेल तर तो जरा जास्तच हुशारीने घुमत होता.

"आपण परत फिरू या का?" तो शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला. "मुंगी दमली असेल."

"मी नाही दमले."

"दमलीस तू."

ते परत फिरले. आता पिवळ्या पट्ट्या बघत बघत सरळ फाटक गाठायचं, एवढंच काम होतं. पहिल्या वळणावरची फांदी त्याने ओळखली, कारण ती अगदी कोपरासारखी वाकलेली होती. तिच्यावर पट्टी नव्हती. त्याने बोट फिरवलं. बोटाला चिकट लागलं. म्हणजे पट्टी होती आणि कुणीतरी ती काढली होती. वाऱ्याने पट्टी उडते, पण वारा असा निगुतीने सोलत नाही.

पुढच्या वळणावरही पट्टी नव्हती. मग त्याला वाटलं, हे आपलं वळणच नसेल, आपण थोडं डावीकडून आलो होतो. तो डावीकडे शिरला. तिथे पट्टी नव्हती म्हणून उजवीकडे वळला. तिथेही नव्हती म्हणून खाली उतरला. थोड्या वेळाने समोर पट्टी तर नव्हतीच, पायाखाली वाटही नव्हती.

"अहो," बायको म्हणाली. तिचा आवाज वीटभट्टीच्या दिवशी होता तसाच होता. "तुम्हाला रस्ता माहीत आहे ना?"

धुक्यात कुणीतरी खोकलं. मग कुणीतरी त्या खोकणाऱ्याला गप्प केलं. वायरमनचा धीरच सुटला.

"नाही माहीत!" तो म्हणाला. "मी फांद्यांना पिवळ्या पट्ट्या लावत आलो होतो. एकही जागेवर नाही. आपल्या मागून कुणीतरी येतंय आणि त्या एकेक काढून घेतंय!"

मुंगीने आईचा हात पकडला. मग सासूबाईंनी घसा खाकरला.

"पिवळ्या?" त्या म्हणाल्या. "चिकटणाऱ्या?"

त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली. आत पिवळ्या पट्ट्यांचा चांगला लिंबाएवढा गोळा होता.

"आई!"

"मला काय माहीत तुमच्या आहेत! मला वाटलं, कुणीतरी कचरा करून गेलंय." सासूबाईंनी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली होती. डॉक्टरांनी पोट शिवण्याआधी आत घातलेला कापसाचा प्रत्येक बोळा बाहेर आल्याची खात्री त्या करून घ्यायच्या, आणि ती होईपर्यंत भल्याभल्या सर्जनना हातात सुई धरून ताटकळत ठेवायच्या. "आत काही राहिलेलं मला बघवत नाही, जावईबापू. ना पोटात, ना जंगलात."

"पण मग बोलला का नाहीत?"

"हिनेच सांगितलं होतं, आज कुणाला काही बोलू नकोस म्हणून," त्यांनी लेकीकडे बोट दाखवलं. "नाहीतर मी त्या कचरा करणाऱ्याचा उद्धारच करणार होते."

वायरमनच्या तोंडून सुस्कारा सुटला. त्यातून बायकोला हसू फुटलं, मग सासूबाईंना, आणि भीतीचा भोपळा फुटल्यासारखे सगळे पोट धरून हसायला लागले. मुंगी तेवढी हसत नव्हती.

"मग मागची पावलं कुणाची?" तिने विचारलं.

हसणं जागच्या जागी विरलं. मागे पाचोळा हळूच वाजला, जसं कुणी एक पाय उचलून दुसऱ्यावर भार टाकावा.

"तुम्हालाही ऐकू येतंय?" सासूबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला वाटलं, मलाच येतंय." आणि ज्यांच्यापुढे सर्जन चळचळा कापत, त्या सासूबाईंनी जावयाचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला.

धुक्यात काहीतरी हललं. मग तिथे एक आकार दिसू लागला. रुंद, बुटका, आणि त्याला बरीच डोकी होती.

"को... कोण आहे?" वायरमन ओरडला. दरडावायचं ठरवून निघालेला आवाज मध्येच चिरकला.

"आम्ही माणसं आहोत!" धुक्यातून थरथरतं उत्तर आलं. "तुम्ही?"

"आम्हीपण!"

"आणि त्या? त्या पांढऱ्या?"

"त्या माझ्या सासूबाई आहेत!"

बऱ्याच वेळाने, फार सावकाश, तो आकार पुढे आला आणि त्याचा एक जाडजूड गृहस्थ, त्याची बायको आणि तिच्या ओढणीच्या आत शिरलेली दोन मुलं झाली. गृहस्थाचा चेहरा धुक्याहून पांढरा होता.

"आम्ही चुकलो होतो," तो म्हणाला. "मग पिवळ्या खुणा दिसल्या. सरकारी असतील म्हणून त्यांच्या मागे लागलो. बघतो तर पुढे एक पांढऱ्या कपड्यातली म्हातारी. तोंडातून शब्द नाही. एकेका झाडापाशी थांबते, खूण सोलते, पिशवीत टाकते, पुढे सरकते. धुक्यामुळे पायच दिसेनात."

"मग मागे का नाही फिरलात?"

"फिरणार कसे? वाट सगळी त्यांच्या पिशवीत! त्या थांबल्या की आम्ही थांबायचो. तुम्ही उलटे फिरलात तेव्हा झुडपात दडलो आणि पुन्हा मागे लागलो. त्यांनी मागे वळून पाहू नये म्हणून ही सारखी हात जोडत होती."

"मी वळणार कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मागून पावलं येत होती, वळायची हिंमत होती कुणाला!" आणि त्यांनी रेनकोट वर उचलून सर्वांना आपले बूट नीट दाखवले. धाकट्या मुलाने खाली वाकून त्यातल्या एकाला बोट लावून पाहिलं, तेव्हा कुठे तो आईच्या ओढणीतून बाहेर आला.

मग सगळे एकमेकांचे हात धरून निघाले. खाली उतरावं तर झुडपं, वर चढावं तर खडक, मध्येच पुन्हा ओढा, असं करता करता धुकं विरळ झालं आणि समोर एक भिंत दिसली. तिच्यावर 'पुरुष' असं लिहिलं होतं. ते तिकीट खिडकीच्या बरोबर मागे उभे होते.

"इकडून कुठून आलात?" रक्षकाने विचारलं. "वाट गोल आहे हो. परत फिरायचंच नसतं. नाकासमोर चालत राहिलात तर आपोआप इथेच येता."

बसमध्ये बायको मुंगीला घेऊन पुढे बसली. तिला ना रागवायचं होतं, ना हसायचं. सासूबाईंच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती. तो आरोपीसारखा तिथे बसला. आता त्या नाहीच म्हणणार, हे त्याला दिसत होतं. स्वतःच्या माणसांना सरळ वाटेवर चुकवणाऱ्याच्या घरी कोण राहायला येईल? त्याला फार वाईट वाटत होतं.

"जावईबापू," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिकडे माझ्या घरातही मला पावलं ऐकू येतात. संध्याकाळी, जिन्यात. कुणी नसतं तिथे, मला ठाऊक आहे. पण ऐकू येतात."

"कधी बोलला नाहीत, आई."

"कुणाला सांगणार? भिंतींना?" त्यांनी काचेवरची वाफ पुसली. "हे गेल्यापासून एकटीच घाबरत होते. आज पहिल्यांदा सगळे मिळून घाबरलो. फार बरं वाटलं."

वायरमन जरा त्यांच्याकडे सरकून बसला.

"तुमच्याकडे माझ्या खोलीतलं दिव्याचं बटण पलंगाजवळ घ्या," सासूबाई म्हणाल्या. "दारापाशी नको."

"दोन्हीकडे लावतो," तो म्हणाला. "आजच लावतो."

"आज नको. दमलायस," सासूबाई म्हणाल्या. "आधी घरी जाऊन पोटभर जेव."