भिंगमामांच्या सतरा चुका

आपल्याला फसवेल असा मारधाडीचा चित्रपट अजून जन्माला यायचाय, असं मामांचं म्हणणं होतं. हे म्हणणं ते दिवसातून निदान चार वेळा, आणि तेही गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा असताना मांडत, त्यामुळे आजवर त्याला कुणी विरोध केला नव्हता.

मामांचं सलून लहानसं. एक फिरती खुर्ची, तिच्यासमोर भिंतभर आरसा, मागच्या भिंतीला बाकडं आणि बाकड्याच्या वर टीव्ही. केस कापून घेता घेता खुर्चीतल्या माणसाला आरशात चित्रपट पाहता यावा, म्हणून टीव्ही मुद्दाम तिथे लावलेला. त्यावर दिवसभर एकच माल. गाड्या उडतायत, काचा फुटतायत, एकटा नायक तीस जणांना लोळवतोय. गिऱ्हाईकं मारामारी पाहत. मामा चुका पाहत.

"सहा गोळ्यांचं पिस्तूल," मामा कात्री न थांबवता म्हणायचे. "बावीस गोळ्या झाडल्या. मी मोजल्यात."

किंवा, "गच्चीवरून उडी मारली तेव्हा बूट काळे, खाली पोचला तेव्हा तपकिरी. वाटेत चपलांचं दुकान लागलं असेल."

बाकडं खूश व्हायचं. डोक्यावर मोजून अकरा केस उरलेले एक निवृत्त मास्तर रोज तिथे येऊन बसत. त्यांनीच मामांचं नाव 'भिंग' ठेवलं, आणि मामांनी ते एखाद्या पदवीसारखं मिरवलं. निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत त्यांनी दोनशे बारा चुका टिपल्या होत्या. नीट पाहिलं असतं तर त्यातल्या बऱ्याचशा एकाच जातीच्या निघाल्या असत्या. घड्याळ या हातातून त्या हातात गेलं, जखम या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली. पण वही नीट पाहिली कुणी? खुद्द मामांनीही नाही.

मामींचा मात्र या भिंगावर विश्वास नव्हता. "जेवायला बसले की समोरची मिठाची वाटी दिसत नाही," त्या म्हणायच्या, "आणि म्हणे नायकाचे बूट दिसले."

आता मामांचा भाचा चित्रपटांचा संकलक होता. म्हणजे चित्रीकरणातले तुकडे जोडून त्यातून अख्खा चित्रपट उभा करायचा, हे त्याचं काम. सात वर्षं इतरांच्या हाताखाली राबल्यावर पहिल्यांदाच एक पूर्ण चित्रपट त्याच्या एकट्याच्या हाती आला होता. निर्मात्यांनी सांगून ठेवलं होतं, हा नीट जमला तर पुढचे तीन तुझे. नाही जमला तर पुन्हा हाताखाली. भाच्याची झोप उडाली होती. निर्मात्यांना दाखवायला पाच दिवस उरले असताना तो एका दुपारी सलूनमध्ये आला आणि खिशातून पेनड्राइव्ह काढून त्याने मामांच्या हातात ठेवला.

"मामा, एवढं पाहशील? पाहून पाहून माझे डोळे बधिर झालेत. काही खटकलं तर मला फोन कर. फक्त मला. आणि हे बाहेर कुणाला दाखवायचं नाही, नाहीतर माझी नोकरी जाईल."

"अरे, वेडा का तू? मामावर सोड."

भाचा निर्धास्त झाला. मामांनी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि मास्तरांना म्हणाले, "मास्तर, बाहेर कुणाला सांगायचं नाही बरं का." बाकड्यावरच्या इतर पाच जणांनीही माना डोलावल्या. मामांच्या लेखी सलून म्हणजे 'बाहेर' नव्हतंच.

चित्रपट घरी शांतपणे बसून पाहावा, असं मामी सुचवून पाहत होत्या. मामांना ते पटेना. हात कामात असला तरच आपली नजर चालते, असं त्यांचं पक्कं मत होतं. त्यामुळे पुढचे चार दिवस दाढ्या, कटिंग, मालिश आणि चित्रपट असं सगळं एकदमच चाललं.

पहिल्या दहा मिनिटांतच सावज हाती लागलं. खलनायकाच्या उजव्या गालावर भला मोठा व्रण. मामांनी तो आरशात नीट न्याहाळला आणि गिऱ्हाईकाला फेस लावला. मग गरम पाणी घ्यायला वळले, सहज टीव्हीकडे पाहिलं, तर व्रण डाव्या गालावर! मगातलं पाणी हिंदकळलं. गिऱ्हाईकाला तसंच फेसात ठेवून मामांनी वही उघडली.

त्यानंतर धडाकाच लागला. नायकाचं घड्याळ, नायिकेच्या केसांतला भांग, गाडीचं स्टिअरिंग, गोळी लागलेला दंड, सगळं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. चौथ्या दिवशी सतरावी चूक टिपून मामांनी वही मिटली तेव्हा त्यांचा ऊर भरून आला होता. भाच्याची कीव येत होती, आणि खरं सांगायचं तर आनंदही होत होता.

"भाच्याला आताच्या आता फोन करा," मामी म्हणाल्या.

"फोनवर सतरा चुका सांगायच्या म्हणजे लग्नाचं जेवण उभ्याने उरकल्यासारखं होतं. उद्या निर्मात्यांना दाखवणार तेव्हा त्याने आपल्यालाही बोलावलंच आहे. सुरू व्हायच्या आधी त्याला बाजूला घेऊन सांगतो."

"फक्त त्यालाच."

"हो गं बाई, फक्त त्यालाच."

हेतू चांगला होता. पण दुसऱ्या दिवशी मामा निघणार तोच एक जुनं गिऱ्हाईक केस काळे करायला येऊन बसलं. कलप लावल्यावर माणसाला पाऊण तास हलवता येत नाही, आणि अर्ध्या काळ्या डोक्याने घरीही पाठवता येत नाही. मामी पुढे गेल्या. मामा धावतपळत पोचले तेव्हा चित्रपट संपून दिवे लागले होते.

खोली लहान होती. एक पडदा, वीसेक खुर्च्या. सगळे टाळ्या वाजवत होते. निर्माते उभे राहून भाच्याची पाठ थोपटत होते, आणि मागच्या रांगेत मामी पदराने डोळे टिपत होत्या. सगळं तिथेच थांबायला हवं होतं. पण मामांना दारात पाहून भाच्याचाच आनंद उतू गेला.

"सर, हे माझे मामा. यांच्या नजरेतून काही सुटत नाही. यांनी चित्रपट आधीच पाहिलाय."

"आधीच?" निर्मात्यांचा हात पाठीवरच थांबला. "कुठे?"

भाच्याने जीभ चावली. मामांना वाटलं, आता आपण सावरून घ्यायला हवं.

"तसं काही नाही साहेब. आमच्या सलूनमध्ये. घरचीच माणसं होती, सहा-सात."

"सलूनमध्ये?" निर्माते खालीच बसले. मग सभ्य माणूस म्हणून त्यांनी विचारलं, "बरं, काय वाटलं?"

मामींनी मागून जोरात खाकरून पाहिलं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा मामांचा जुना आजार. त्यांनी पिशवीतून निळी वही काढली.

"चित्रपट झकास आहे," मामा म्हणाले. "फक्त सतरा चुका आहेत."

भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्यांच्याही हातात वही होती, पण तिच्यापुढे मामांची वही म्हणजे पिल्लू. कोणत्या दृश्यात कुणाच्या अंगावर काय होतं, कोणत्या हातात काय होतं, याच्या नोंदी चित्रीकरणाच्या वेळी ठेवणं हे या बाईंचं काम. म्हणजे मामांनी सतरा चुका भाच्याच्याच नव्हे, त्यांच्याही पदरात टाकल्या होत्या.

"पहिली सांगा," नोंदवहीबाई म्हणाल्या.

"खलनायकाचा व्रण. आधी उजव्या गालावर, मग डाव्या."

"माझ्याकडे सगळीकडे डावा लिहिलाय."

"माझ्याकडे दोन्ही."

निर्मात्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "लाव रे," ते भाच्याला म्हणाले. दृश्य लागलं. व्रण डाव्या गालावर. पुढचं लागलं. डाव्याच. त्याच्या पुढचंही तेच.

"दुसरी घ्या," मामा म्हणाले. त्यांचा आवाज थोडा बसला होता.

दुसऱ्या चुकीतलं घड्याळ नायकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत डाव्याच मनगटावर बांधलं होतं. नायिकेचा भांग हलला नव्हता. स्टिअरिंग जागच्या जागी होतं. सहाव्या चुकीनंतर मामांना घाम फुटला. नवव्यानंतर निर्माते पडद्याकडे पाहायचं सोडून मामांकडे पाहू लागले.

"कालपर्यंत होत्या हो," मामा म्हणाले. "तू दुरुस्त केल्यास का रे?"

"मी हातही लावला नाही, मामा."

नोंदवहीबाई मामांच्या जवळ आल्या. "हा चित्रपट तुम्ही कुठे बसून पाहिलात?"

"बसून कसला? उभ्याने. गिऱ्हाईकाच्या मागे."

"टीव्ही कुठे असतो?"

"माझ्या मागे."

"मागे? मग दिसतो कसा?"

"समोर एवढा मोठा आरसा आहे ना. आणि मध्येच पाण्यासाठी वळलो की थेट..."

हे सांगताना मामा खरोखरच गर्रकन वळले, आणि अर्ध्यावरच थांबले. वीस वर्षं आरशात पाहून काम करणारा माणूस. आरशातली उलटी अक्षरं ते सुलट्यासारखी वाचत, उलट्या हाताने कानामागची रेघ सरळ आखत. डावं काय नि उजवं काय, हा प्रश्नच त्यांना वीस वर्षांत पडला नव्हता. आता पडला, तोही भरसभेत, नाव कमवायच्या दिवशी.

खोलीत कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं.

"साहेब," मामा म्हणाले, "यात पोराचा काही दोष नाही. मूर्ख मी आहे. सतरा वेळा मूर्ख आहे."

"तुमचं जाऊ द्या," निर्माते थंडपणे म्हणाले. "पण आपला चित्रपट यानं तुमच्या दुकानात दिला. चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिला. उद्या मी याच्यावर तीन चित्रपटांचा भरवसा कसा ठेवू?"

भाचा खाली मान घालून उभा होता. लहानपणी खुर्चीवर उंच पाट ठेवून मामा त्याचे केस कापत, तेव्हाही तो असाच मान घालून बसायचा. वही कुठे लपवावी हे मामांना सुचेना.

"मी एक विचारू का?" मागच्या रांगेतून मामींचा आवाज आला. "मला यातलं काही कळत नाही हो. पण तो नायक धरणावरून उडी मारतो तेव्हा त्याला चांगली टोपलीभर दाढी असते. आणि पाण्यातून वर येतो तो एकदम गुळगुळीत. ते तसंच असतं का?"

नोंदवहीबाईंनी भराभर पानं उलटली. धरणाचं पान सापडलं, नदीचं सापडलं. दोन्हींच्या चित्रीकरणात दोन महिन्यांचं अंतर होतं. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

भाच्याने दृश्य लावलं. दाढी पाण्यात गेली. दाढी वर आली नाही.

मग सगळ्यांच्या नजरा एकदमच मामांकडे वळल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तुम्ही आयुष्यभर दाढ्याच करताय ना?" निर्मात्यांनी विचारलं. "ही नाही दिसली?"

मामांनी जरा विचार केला. "दिसली की. पण साहेब, माझ्यासमोर रोज वीस माणसं दाढी घेऊन येतात आणि गुळगुळीत होऊन जातात. त्यात मला चूक दिसायला लागली तर मी खाऊ काय?"

निर्माते हसू दाबायला गेले आणि ठसका लागून पाणी मागू लागले. इतरांना मात्र हसण्याची मुभा मिळाली. तेवढ्या वेळात भाचा मशीनसमोर बसला होता. त्याने नदीतून वर येण्याचं दृश्य उचललं, बरंच पुढे नेलं, मध्ये नायिकेचं रडणं जोडलं आणि काळ्या पडद्यावर अक्षरं टाकली, 'दोन महिन्यांनंतर'. मग म्हणाला, "सर, आता पाहा."

नायक धरणावरून दाढीसकट उडी मारतो. पाणी शांत होतं. सगळ्यांना वाटतं, गेला बिचारा. नायिका रडते. दोन महिने जातात. आणि अचानक पाणी फोडून नायक वर येतो, गुळगुळीत, डोळ्यांत अंगार.

निर्माते उभे राहिले. "अरे, हे तर आधीपेक्षा भारी आहे. लोकांना तो मेला असंच वाटणार. चूक दिसल्यावर दहा मिनिटांत असं सावरणारा माणूस मला हवाच होता. तिन्ही चित्रपट तुझे. फक्त पुन्हा सलूनमध्ये नाही." मग ते मामींकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही दर वेळी यायचं."

भाचा उठून मामांकडे आला. त्याचे डोळे भरले होते. पण मामा पडद्याकडे टक लावून पाहत होते. दोन महिने. माणूस दोन महिन्यांपूर्वी पाण्यात गेला आणि त्याच पाण्यातून, त्याच शर्टात, आज वर आला. मधले दोन महिने तो पाण्याखाली काय करत होता? श्वास कुठून घेत होता? दाढी कुणी केली? ही खरीखुरी, धडधडीत चूक होती, आणि तिच्यात डावं-उजवं काही नव्हतं. मामांचा हात आपोआप वहीकडे गेला. नोंदवहीबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. त्यांनाही दिसली होती. त्यांनी आपली वही हळूच मिटली.

"कसं वाटलं, मामा?" भाच्याने विचारलं.

मामांनी वही पिशवीत सरकवली.

"झकास," ते म्हणाले. "एकही चूक नाही."