विचार करणारा कॅमेरा

एक खोली डोळ्यांसमोर आणा पाहू. डोळे मिटून आणली तर जास्त चांगली दिसते. पण डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? तेव्हा उघडेच ठेवा. तिसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली आहे. एक लांब सोफा, एक खिडकी, दाराशी दोन भरलेल्या बॅगा आणि भिंतीवर घड्याळ. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली आहेत. पाच वाजता टॅक्सी निघणार आहे. आणि खोलीच्या बरोबर मधोमध, तीन पायांच्या स्टँडवर, एक मोठा काळा कॅमेरा उभा आहे. दिसली खोली? छान. आता कशालाही हात लावू नका. बाबा रागावतील.

बाबा म्हणजे टकळीचे बाबा. टकळी नऊ वर्षांची होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं. घरी ते कुणी वापरत नसे. सकाळी तिचे डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचं आणि मग जी टकळी सुरू व्हायची ती रात्रीपर्यंत. झोपेतसुद्धा ती अधूनमधून एखादा मुद्दा मांडत असे.

त्या वर्षी त्यांच्या इमारतीत कॅमेऱ्यांची साथ आली होती. आधी लोक फोनवर फोटो काढायचे आणि सुखात होते. मग तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी भिंग काढता-घालता येणारा मोठा कॅमेरा घेतला. पंधरा दिवसांत दुसऱ्या मजल्यावर दोन आले. रविवारी सकाळी मागच्या बागेत गेलं, तर प्रत्येक फुलापुढे एक गृहस्थ पालथे पडलेले असायचे. एक गोगलगाय होती, तिला स्वतःच्या शंखात शिरायलासुद्धा एकांत उरला नव्हता. टकळीच्या मामानेही कॅमेरा घेतला. मग बाबांना राहवेना.

बाबांच्या कॅमेऱ्याबरोबर चारशे सोळा पानांची माहितीपुस्तिका आली. आता गंमत अशी, की बाबा पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहिण्याचंच काम करायचे. त्यांच्या प्रत्येक पुस्तिकेचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : 'यंत्र सुरू करण्यापूर्वी ही पुस्तिका पूर्ण वाचावी.' कुणाचा पंप बिघडला आणि फोन आला, की बाबा आधी शांतपणे विचारत, "पुस्तिका वाचलीत का?" समोरचा माणूस गप्प झाला की बाबांचा दिवस चांगला जाई.

पण कॅमेऱ्याची पुस्तिका त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"मी स्वतः लिहितो ना पुस्तिका," ते आईला म्हणाले. "आत काय असतं ते मला माहीत आहे."

ती वाचली टकळीने. आदल्याच आठवड्यात पाय मुरगळून ती चार दिवस अंथरुणावर होती. गोष्टींची पुस्तकं दोन दिवसांत संपली. मग हाताला लागली ती हीच.

आता त्या दिवशीचं कारण सांगतो. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, नोकरीसाठी तीन वर्षं परदेशी निघाली होती. आठवण म्हणून तिला घरून दुसरं काहीही न्यायचं नव्हतं. हवा होता फक्त एक फोटो : सगळ्यांचा, आणि त्यात आजीचे डोळे उघडे.

ऐकायला सोपं वाटतं, पण आजीचे डोळे उघडे असलेला फोटो आजवर कुणी काढू शकलेलं नव्हतं. घरातल्या अल्बममध्ये आजी लग्नात डोळे मिटून होती, बाबांच्या बारशाला डोळे मिटून होती, प्राणिसंग्रहालयात हत्तीशेजारी डोळे मिटून होती. हत्तीचे उघडे होते.

"मी काय करू?" आजी म्हणायची. "तीन म्हटलं की मिटतात. झाला म्हटलं की उघडतात. माझ्या हातात आहे का ते?"

"मला तू झोपलेली नकोय आई," आत्या म्हणाली होती. "तिथे खोलीवर परत आल्यावर कुणीतरी माझ्याकडे बघायला हवं ना." हे ती हसत म्हणाली, पण टकळीने पाहिलं, की नंतर ती बराच वेळ बॅगेची एकच चेन उघडझाप करत बसली.

म्हणून बाबांनी जाहीर केलं, "फोटो मी काढणार."

मामा तीन वाजताच आला. आल्या आल्या त्याने कॅमेरा हातात घेतला, चार-पाच बटणं दाबली आणि परत दिला. "सेटिंग करून दिलंय भाऊजी. त्याची पीं-पींही बंद केलीय. जाणकार लोक आवाज बंद ठेवतात." फरशी जरा उताराची होती. स्टँड कलत होता. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि योग्य जाडीची एक वस्तू स्टँडच्या एका पायाखाली सरकवली. ती माहितीपुस्तिका होती.

टकळी काही बोलणार एवढ्यात आई म्हणाली, "टकळे, पैज. फोटो होईपर्यंत एक शब्दही बोलली नाहीस, तर शेवटचा फोटो तू काढायचा."

कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी घरात फक्त बाबांना होती. टकळीने ओठ घट्ट मिटले. तिच्या हातात थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता देण्यात आला. खिडकीतला उजेड त्यावरून आजीच्या चेहऱ्यावर पाडायचा होता.

आजी, आई, आत्या आणि मामा सोफ्यावर बसले. "तू नाहीस का रे फोटोत?" आजीने विचारलं.

"फोटो काढणारा फोटोत नसतो, आई," बाबा त्यागाच्या आवाजात म्हणाले. "एक... दोन... तीन!"

आजीने डोळे मिटले. बाबांनी बटण दाबलं. काहीही झालं नाही. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला एक लहानसा लाल दिवा तेवढा उघडझाप करू लागला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"विचार करतोय तो," मामा म्हणाला. "साधा कॅमेरा बटण दाबलं की काढून मोकळा होतो. त्याला काही कळत नाही. हा भारीतला आहे. आधी सगळ्यांचं माप घेतो."

"अजून घेतोय?" म्हणत बाबा पुढून भिंगात डोकावले. खट्‌ असा आवाज झाला. फोटो आला. त्यात बाबांची डावी नाकपुडी होती. फार स्पष्ट आली होती.

"उजेड कमी पडतोय," मामाने निदान केलं. म्हणून बाबा पडदा काढायला गेले. पडदा दांडीसकट आला. मग सोफाच खिडकीशी न्यायचा ठरला. आजी त्यावरून उठायला तयार नव्हती, म्हणून तिच्यासकट नेला. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा लाल दिवा. मामा कंटाळून पाणी प्यायला उठला. खट्‌. या फोटोत मामाची पाठ होती आणि तिच्या मागे बाकीचे असावेत.

टकळीचा जीव कासावीस झाला. लाल दिवा म्हणजे काय, हे त्या घरात तिला एकटीला माहीत होतं. पान सत्त्याऐंशी. पण बोललं तर पैज गेली, आणि न बोललं तर फोटो काही होत नाही. फोटो होत नाही तोवर तर बोलायचं नाही. असं ते सगळं गोल फिरत होतं. शेवटी तिने टेबलावरचा जाड पेन घेतला आणि थर्माकोलवर भलंमोठं लिहिलं : पान ८७. आणि तक्ता डोक्यावर धरला.

"अगं, तो थर्माकोल ऑफिसचा आहे!" बाबा ओरडले.

"लिहिणं म्हणजे बोलणं नाही का?" मामाने विचारलं.

"लिहिलेलं चालेल," आईने निकाल दिला. "पण कशाचं पान ग?"

टकळीने स्टँडच्या पायाकडे बोट दाखवलं आणि ती पुस्तिका ओढायला वाकली.

"हात लावू नकोस!" बाबा म्हणाले. "मोठ्या मुश्किलीने सरळ उभा राहिलाय."

तिसऱ्या वेळी बाबांनी हुकूम सोडला, "तो विचार करत असताना कुणीही हलायचं नाही." कुणी हललं नाही. फोटो अगदी सुबक आला. चौघंही ताठ, चौघंही हसरी, आजीचे डोळे गच्च मिटलेले.

"आई!"

"तू तीन म्हणालास ना."

चौथ्या वेळी बाबा आकडे म्हणालेच नाहीत. तरी मिटले. "मी मनात मोजले," आजी म्हणाली.

पाचला दहा कमी असताना टॅक्सीवाला बॅगा न्यायला वर आला. दारातच थबकला. "अरे वा! हाच का? माझ्याकडे ह्याच्या पुढचा आहे."

"कुठला पुढचा?" मामाने जरा कडक आवाजात विचारलं.

"चंद्राचे काढतो मी. खड्डेसुद्धा दिसतात."

"चंद्र हलत नाही. इथे माणसं आहेत."

"चंद्र हलतो की साहेब. आणि डोळेही मिटत नाही."

दोघांची जुंपली. बाबांनी दोघांचंही ऐकलं. मामाने सांगितलेला कॅमेऱ्यातला एक आकडा वाढवला, टॅक्सीवाल्याने सांगितलेला दुसरा कमी केला, आणि बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला.

"जाऊ दे दादा," आत्या म्हणाली. "वेळ झाली." ती उठली, आजीसमोर फरशीवर बसली आणि आजीच्या गुडघ्यावर तिने डोकं टेकवलं. "येते ग आई."

आजीने डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं.

खट्‌.

टकळी बाबांच्या कोपराशीच होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने पाहिलं : आजीचे डोळे! दोन्ही! उघडे!

"छे," बाबा म्हणाले. "हिचा चेहराच आला नाही. आणि हा टॅक्सीवाल्याचा हात." आणि त्यांचा अंगठा पुसायच्या बटणाकडे गेला.

"पुसू नको!" टकळी किंचाळली.

पण अंगठा पोचला होता.

 पैज हरली होती आणि फोटोही गेला होता, तेव्हा आता गप्प राहायला काही कारण उरलं नव्हतं. तासाभराचं साठलेलं एका दमात बाहेर आलं. "बाबा त्यात आजीचे डोळे उघडे होते आणि तो विचारबिचार काही करत नाहीये, त्याला कुणीतरी दहा सेकंद थांबायला सांगून ठेवलंय, बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी फोटो निघतो, काढणाऱ्याला धावत जाऊन बसता यावं म्हणून, लाल दिवा लागतो, सगळं पान सत्त्याऐंशीवर आहे, मी केव्हाची सांगतेय!"

"शक्यच नाही," मामा म्हणाला. "सेटिंग मी स्वतः..." आणि तो थांबला. मग तो फारच लक्ष देऊन पडद्याची पडलेली दांडी पाहू लागला.

बाबांनी पुस्तिका ओढून काढली. स्टँड कलला, तो टॅक्सीवाल्याने धरला. बाबांनी पहिलं पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं : 'कॅमेरा वापरण्यापूर्वी ही पुस्तिका पूर्ण वाचावी.' ते वाक्य त्यांनी जरा जास्तच वेळ वाचलं. मग सत्त्याऐंशी काढलं.

"बरोबर आहे तिचं," ते हळूच म्हणाले.

"बंद कसं करायचं ते अठ्ठ्याऐंशीवर असेल," मामा म्हणाला.

"चार मिनिटं राहिली," टॅक्सीवाला म्हणाला.

"बंद करू नका!" टकळी म्हणाली. "मला काढू द्या."

"तू पैज हरलीस," बाबा म्हणाले.

"हरले. तरी काढू द्या."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या रुमालाने नाक पुसत होती. मग आजी म्हणाली, "द्या रे तिला. मोठ्यांचं झालंय की सगळं करून."

बाबा बाजूला झाले. टकळीने पुस्तिका पुन्हा पायाखाली सरकवली आणि स्टँड सरळ केला. आजी मध्ये, आत्या तिच्या डावीकडे, आई उजवीकडे, मामा मागे उभा. "बाबा, तूपण बस."

"मी? मग कॅमेऱ्यामागे कोण?"

"कुणी नाही. त्यालाच करू दे विचार."

बाबा जाऊन आत्याशेजारी बसले. टॅक्सीवाला पुन्हा दारात गेला आणि त्याने आपणहून हात मागे घेतला. टकळीने बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"एक... दोन... तीन!"

आजीचे डोळे गच्च मिटले.

"झाला!" टकळी ओरडली. "झाला फोटो!"

सगळ्यांनी श्वास सोडला. मामाने पोट सोडलं. आत्या आजीकडे वळून हसली. आणि टकळी कॅमेऱ्यामागून सुसाट निघाली, मुरगळलेल्या पायाची आठवण न ठेवता, आणि धपकन आजीच्या पायाशी येऊन बसली.

"झाला? इतक्यात?" म्हणत आजीने डोळे उघडले.

खट्‌.

तो फोटो आता दूरच्या एका खोलीत आत्याच्या टेबलावर असतो. फार काही रेखीव नाही. मामाचं पोट त्यात आहे, एका कडेला दांडीसकट पडलेला पडदा आहे. पण सहाही माणसं आहेत, आणि आजी बघते आहे. तिच्या पायाशी टकळी आहे. तिचं तोंड सताड उघडं आहे, कारण त्या दहाव्या सेकंदाला ती आजीला पान सत्त्याऐंशी अगदी पहिल्यापासून समजावून सांगू लागली होती.