कॉर्बिनने प्यायलेले तीन ग्लास

रविवारी बाराला कॉर्बिन आपल्या आईला घेऊन जेवायला येणार होता, आणि दहा वाजले तरी डेल्फिया हातात गाळणी धरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी नुसती उभी होती. मे महिन्याचं ऊन टेनेसीच्या डोंगरांवरून सावकाश खाली उतरत होतं. पण डेल्फिया होती कालच्या संध्याकाळी. चर्चचा पियानो सुरात लावताना कॉर्बिनने एकच पट्टी वीसदा वाजवली होती आणि दर वेळी मान वर करून तिला विचारलं होतं, "आता?" बासष्टाव्या वर्षी कुणी आपलं मत वीसदा विचारावं, हे तिला फार गोड वाटलं होतं.

त्याच तंद्रीत तिने हाडांचा रस्सा काचेच्या एका जगमध्ये गाळला, वरची चरबी निगुतीने काढून टाकली आणि तो निवायला ठेवला. शेजारच्या तशाच जगमध्ये साखर घातलेला, बर्फ टाकून प्यायचा कोरा चहा निवत होता. रंग दोन्हींचा एकच, जुन्या मधासारखा. दोन्हींवर तिने सारखेच पांढरे रुमाल टाकले.

काळजी होती ती आयडेलबाईंची. कॉर्बिनची ही नव्वदीची आई. यापूर्वी कॉर्बिनने घरी आणलेल्या एका बाईची बिस्किटं घट्ट म्हणून, आणि दुसरीने रस्सा पाकिटातल्या भुकटीचा केला म्हणून, दोघींचाही विषय त्यांनी जेवणाच्या टेबलावरच संपवला होता.

ताकात मळलेली, पावासारखी मऊ बिस्किटं मात्र आज झकास फुगली. बोटभर उंच, पदर सुटलेली. डेल्फियाने ती मधोमध उघडून आत भाजलेल्या बीफचे पातळ काप भरले. मग एका जगमध्ये बर्फ आणि लिंबाच्या चकत्या टाकल्या. दुसरा पातेल्यात ओतून मिरपूड घालून गरम केला आणि बुडवून खायला वाट्यांत भरला. सकाळपासून नाकात भाजलेल्या मांसाचा घमघमाट, त्यामुळे वासावरून काही कळायची सोयच नव्हती.

पाहुणे आले. कॉर्बिनने आधी ग्लास उचलला, मोठा घोट घेतला आणि तो तसाच थांबला. बर्फाभोवती चरबीचे बारीक सोनेरी ठिपके फिरत होते.

"चहा कसा झालाय रे?" डेल्फियाने विचारलं.

"चहा ना?" त्याने तोंडातला घोट गिळला. "चांगला अंगी लागेल असा झालाय."

"मग घे ना आणखी!" तिने ग्लास काठोकाठ भरला.

इकडे आयडेलबाईंनी बिस्किट वाटीत बुडवलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"हा रस्सा कसा केलास गं?"

"हाडं आधी लालसर भाजली, कांदा थोडा करपवला, मग काल दुपारपासून मंद आचेवर."

"हाडं घातलीस?"

"हो, चांगली गुडघ्याची. चार पौंड."

"अस्सं," म्हणत आयडेलबाईंनी दुसरं बिस्किट बुडवलं. मग तिसरं.

"आई, जरा बेतानं," कॉर्बिन म्हणाला.

"तू तुझा चहा पी."

त्याने निमूटपणे दुसरा ग्लास संपवला. डेल्फियाने तिसरा भरला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण नजर तिच्यावरच होती, काल पट्टी वाजवताना होती तशी.

आता कुठे डेल्फियाला धीर आला. तिने आपलं बिस्किट बुडवून तोंडात घातलं. गोड! गोड आणि तिखट! ती कॉर्बिनच्या ग्लासाकडे बघतच राहिली. तिसराही तळाला गेला होता.

"अरे देवा! हा चहा आहे! आणि तो तू... कॉर्बिन, तो रस्सा होता! बर्फ घातलेला!"

खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली. डेल्फियाला वाटलं, आपलाही विषय संपला.

"घरात मांस नसायचं तेव्हा आमची आई आम्हाला चहात बिस्किटं बुडवून द्यायची," आयडेलबाई हळूच म्हणाल्या. "वर मिरपूड. ऐंशी वर्षांत ही चव जिभेवर आली नव्हती. मला वाटलं, कुणाला तरी विचारून माझ्यासाठी मुद्दाम केलंस. हाडांचं तेवढं कोडं सुटत नव्हतं."

डेल्फिया कॉर्बिनकडे वळली. "आणि तू? पहिल्याच घोटाला बोलायचं नाही का, भल्या माणसा?"

कॉर्बिनने रुमालाने ओठ पुसले. "मला वाटलं, तुझ्याकडे चहा असाच करतात. पहिला ग्लास पिताना विचार करत होतो, आपल्याला हा रोज जमेल का. दुसऱ्यालाही नक्की ठरेना." त्याने रिकामा ग्लास अलगद खाली ठेवला. "तिसऱ्याला ठरलं. जमेल."

डेल्फियाने त्याच्या हातावर हात ठेवला, आणि आयडेलबाईंनी त्या गडबडीत कॉर्बिनची वाटी आपल्याकडे ओढून घेतली.