आधी खुर्ची रिकामी बघायची

आमच्या वन्संच्या इंदापूरच्या घराची बेल वाजवली की आतून आवाज येतो, "जरा थांबा, खुर्ची रिकामी बघते." मग पाहुणा जिन्यात उभा. आत बाई त्या मोकळ्या खुर्चीकडं टक लावून बघणार, आणि मन भरलं की दार उघडणार.

हे वेड नव्हे म्हणे, शास्त्र. वन्सं म्हणजे माझी नणंद, पीएच.डी. झालेली. उभा जन्म प्रयोगशाळेतल्या भट्टीपुढं गेला. भट्टीतल्या नळीत हायड्रोजन भरून लिथियम तापवायचं, वाफेत दोघांची जोडी जमली की तिच्यातून इन्फ्रारेड उजेड सोडायचा आणि जोडीनं त्यातला कुठला गिळला ते बघायचं. त्यावरून जोडी थरथरते कशी ते कळतं. "पण वहिनी, आधी रिकामी नळी बघायची. नळीनंच काय खाल्लं ते कळल्याशिवाय जोडीवर आळ घेऊ नये."

मी वडगाव निंबाळकरला सून म्हणून आले तेव्हा घरात उठता-बसता हिचंच कौतुक. एकदा विचारलं, इन्फ्रारेड म्हणजे हो काय? "धग गं. डोळ्याला न दिसणारी." झालं! मी धुमसले. धगीपुढं मीही बसते, भाकरी माझी टम्म फुगते, आणि डॉक्टर ही? दुसऱ्या दिवशी चुलीपुढं डोळे बारीक करून विद्वानासारखी तव्याकडं बघत बसले. दोन भाकरी करपल्या. सासूबाई म्हणाल्या, "लागला का शोध?"

कुठल्याही लग्नात बोहल्याकडं बघून वन्सं आपल्या लिथियम-हायड्रोजनचं पुटपुटणार, "जड हलत न्हाय, हलका नाचतो." आमच्या जोडीकडं बघूनही तेच म्हणाल्या होत्या. आमचे हे ढिम्म. नाचणारी कोण, ते मी सांगत नाही.

आता त्या निवृत्त, एकट्या. परवा मुलगा म्हणाला, "आई, आत्याला इकडंच आण की राहायला." मी मनात हिशोब मांडला. सून तिची भक्त, नात तिची चेली. मग मला कोण विचारणार? तरी गेले. जिन्यात ताटकळले. चहा पिता पिता आमंत्रण दिलं, "या की राहायला. डास लई हायेत, लाईट जाती, गोठ्याचा वास पार माजघरात येतो. पण या."

"बघू," वन्सं म्हणाल्या. मी खुशीत निघाले.

खाली उतरल्यावर ध्यानात आलं, पिशवी वरच राहिली. परत चढले. दार उघडंच होतं. वन्सं माझ्या खुर्चीसमोर बसलेल्या, माझा उष्टा कप तसाच.

"आता काय बघताय? मी यायच्या आधी बघितली न्हवं रिकामी?"

"तवा नुसती रिकामी होती गं." त्यांनी मान वळवली नाही. "आता तू नसलेली हाय."

मी पिशवी उचलली. परत खाली ठेवली.

"उठा. लुगडी भरा."

"आणि डास?"

"तुमचं शिकलेलं रक्त त्यांना न्हाय पचायचं. उठा वन्सं. आणि माझं स्वयंपाकघर आधी रिकामं बघायचं असंल तर खुशाल बघा. मी अंगणात थांबते."